पत्रीपुलाचा चढ आणि आमची मोपेड

1992 साली वागळे इस्टेटमधला आमचा कारखाना बंद पडला. हिशेबाचे जे काही पैसे हातात आले, त्यातून आम्ही नवरा-बायकोने थोरल्याची फी भरली आणि एक जुनी मोपेड घेतली. पहाटे कल्याणच्या घाऊक बाजारातून भाजी उचलायची आणि पत्रीपूल ओलांडून डोंबिवलीत नेऊन विकायची. घर त्या गाडीवर चालू लागले.

मोपेड म्हणजे मुळात इंजिन बसवलेली सायकलच. पुण्याच्या कायनेटिकने 1972 साली लूना आणली आणि पन्नास सीसीचे पायडलवाले वाहन कष्टकऱ्यांच्या दारात दिसू लागले. चालवायला सोपे, कारण हाताने दाबायचा क्लच नाही. क्लच आतल्या आत आपोआप धरतो. म्हणूनच तो बिघडला तर आपल्याला पत्ता लागत नाही!

आमचे तसेच झाले. पत्रीपुलाच्या चढावर दोन गोणी लादलेली गाडी अडू लागली. रेस वाढवावी तर इंजिन किंचाळते, गाडी मात्र जागची हलत नाही. खाली उतरून ढकलायची. तोवर डोंबिवलीचे सकाळचे गिऱ्हाईक निघून गेलेले. एका गॅरेजवाल्याने सांगितले, इंजिन गेले. रिंगा बदलल्या, आठवड्याची कमाई त्याच्या हातावर ठेवली. दुसऱ्या दिवशी चढावर पुन्हा तोच प्रकार.

त्याच सुमारास मंडळी एकदा रिकाम्या गाडीवर मागे बसली आणि म्हणाली, "अहो, आवाज एवढा वाढतोय, पण चाक काही त्या मानाने फिरत नाही. आणि काहीतरी जळल्याचा वास येतोय." आम्ही म्हटले, तुला काय कळते. खरे म्हणजे अख्खे निदान त्या दोन वाक्यांत होते.

शेवटी कारखान्यातला आमचा जुना फिटर दोस्त आला. त्याने झाकण काढून दाखवले. आत दोन अर्धगोल शू असतात, त्यांना लायनिंग चिकटवलेले असते आणि स्प्रिंगा त्यांना आत ओढून धरतात. इंजिन वेगाने फिरले की शू बाहेर फेकले जातात, भोवतालच्या ड्रमला घट्ट धरतात आणि चाक फिरते. आमचे शू तेलात न्हालेले होते. ऑइल सील गळत होते. तेलकट शू ड्रमवर घसरणार, तापणार, वास मारणार.

तो म्हणाला, "आधी सील बदल. नाहीतर नवे शूही चार दिवसांत भिजतील." सील बदलले. शू उघड्यावर बसून पेट्रोलने धुतले, वाळवले, चकाकी आलेली लायनिंग पॉलिश पेपरने हलकी घासली. लायनिंग झिजून धातूला टेकली असती तर शूच बदलावे लागले असते. आतल्या भुकटीवर फुंकर मारू दिली नाही त्याने. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचे, ती धूळ फुप्फुसाला घातक. ओल्या फडक्याने पुसायची. (काही गाड्यांत क्लच मुळातच तेलात चालतो, तिथे हा उपाय नाही. तिथे ठरलेले तेलच घालावे.)

उलटा दोषही असतो. स्लोवर उभी गाडी आपोआप पुढे सरकते. तेव्हा एक तर स्लो जास्त ठेवलेला असतो, नाहीतर स्प्रिंग तुटलेली वा ढिली पडलेली असते. आधी स्लो कमी करून बघावे, त्याला पैसे पडत नाहीत. स्प्रिंगा बदलल्या तर सगळ्या एकदम बदलाव्यात.

त्याने आम्हालाही बोल लावला. गोणी लादून चढावर उभ्या उभ्या रेस देत राहणे म्हणजे शू भाजून काढणे. सुरुवातीला पायडल मारावे, ते शोभेला दिलेले नाही. त्यानंतर त्या मोपेडने आमची सहा वर्षे काढली. तो जुना पत्रीपूलही आता नाही. 2018 साली पाडला, नवा 2021 मध्ये खुला झाला. 2024 साली लूना विजेवर परत आली. तिच्यात क्लचची भानगडच नाही.

परवा पुतण्याने सायकलला पेट्रोल इंजिनाचे किट बसवून आणले. अंगणात रेस देत बसला. आवाज ऐकून आमची मंडळी आतूनच ओरडली, "आधी क्लच बघ रे!" त्या किटचा क्लच हाताच्या दांडीचा. केबल इतकी ताणलेली होती की दांडीला जराही ढिलाई नव्हती, म्हणजे क्लच कायम अर्धवट दाबलेला. तीनेक मिलिमीटर ढिलाई दिली आणि सायकल पळाली. केबल फार सैल असती तर क्लच सुटलाच नसता.

मग आम्ही विचारले, इंजिन किती सीसीचे? साठच्या वर. पंचवीसच्या वर गेले की कायद्याने ते मोटार वाहन, नोंदणी हवी, लायसन्स हवे, विमा हवा. पोरगा गप्प झाला. त्याने किट उतरवून ठेवले आहे. तूर्त सायकल पायडलवरच चालते.