मुलुंड ते बोरिवली, मार्गे वंगण

दिवाळी आली की घराघरांत तेलाचा हिशेब सुरू होतो. अभ्यंगाला किती, पणत्यांना किती, चकल्यांना किती, हे गृहिणीला तोंडपाठ असते. तळण संपल्यावर कढईतले तेल ठेवायचे की टाकायचे, हे ती नुसत्या वासावरून सांगते. पण खाली सोसायटीच्या आवारात जी मोटार उभी असते, तिच्या पोटातल्या तेलाविषयी घरात कोणालाही विचारा. ‘मागच्या वर्षी बदललं असेल केव्हातरी’ यापलीकडे उत्तर मिळत नाही. ज्यांना उत्तर ठाऊक असते, त्यांचे एकमेकांशी जुळत नाही. कोणी तीन हजार किलोमीटर म्हणतो, कोणी पाच, कोणी दहा. प्रत्येकाचा आवाज मात्र असा ठाम, की जणू इंजिन त्यानेच घडवले आहे!

दसऱ्यानंतरच्या एका शनिवारी मला मुलुंडहून बोरिवलीला जायचे होते. अंतर तीसेक किलोमीटरचे. वाटेत उपनगरांतल्या चार शहाण्या माणसांना हाच प्रश्न विचारीत जावे, असे मी ठरवले.

पहिले शहाणे गृहस्थ आमच्या आळीतच राहतात. त्यांना सगळे काका म्हणतात. निवृत्त झाल्यावर हौसेने घेतलेली त्यांची गाडी कापडी आच्छादनाखाली सुखाने झोपलेली असते. आठवड्यातून दोनदा ती बाजारापर्यंत जाते आणि नातीला पोहोचवायला स्टेशनापर्यंत. वर्षाकाठी दोन हजार किलोमीटर झाले तर पुष्कळ.

“काका, तेल कधी बदललंत?”

“अरे, गाडी पळालीच नाही, तर तेल खराब होईल कशाने? दहा हजार व्हायला अजून तीन वर्षं आहेत!”

काकांचा तर्क ऐकायला सुरेख आहे, पण इंजिनाला तो मान्य नाही. पेट्रोल जळते तेव्हा त्यातून पाण्याची वाफही निर्माण होते, आणि न जळलेल्या पेट्रोलचा थोडा अंश पिस्टनच्या कडेने झिरपून खाली तेलात उतरतो. गाडी लांब पल्ल्यावर चांगली तापली, की हे पाणी आणि पेट्रोल उडून जाते. घर ते बाजार हे अंतर दहा मिनिटांचे. इंजिन पुरते तापण्याआधीच बंद होते आणि ओल आतच राहते. तिच्यामुळे तेलात आम्ल तयार होते, गाळ धरतो. त्यातून आपला पावसाळा चार महिन्यांचा! म्हणूनच गाड्यांच्या पुस्तिकांत किलोमीटरच्या शेजारी नेहमी महिनेही छापलेले असतात. आजच्या अनेक पेट्रोल गाड्यांना ‘दहा हजार किलोमीटर किंवा बारा महिने, यांपैकी जे आधी होईल ते’ असा नियम आहे. आपण त्यातले ‘दहा हजार’ तेवढे वाचतो आणि ‘जे आधी होईल ते’ सोयीस्करपणे गाळतो. काकांच्या गाडीला खरा नियम कॅलेंडरचा. वर्षातून एकदा, मग गाडी दोन हजार चालो की दोनशे.

काकांचा निरोप घेऊन मी लाल बहादूर शास्त्री मार्गाला लागलो. हाच पूर्वीचा आग्रा रोड. नाव काढले की डोळ्यांसमोर लांबच लांब मोकळी सडक उभी राहते. प्रत्यक्षात भांडुपला पहिला गिअर, कांजूरला दुसरा, विक्रोळीला पुन्हा पहिला! मेट्रोचे खांब, वळणारे ट्रक आणि मधूनच घुसणाऱ्या रिक्षा यांच्यामध्ये मोटार पुढे सरकते म्हणण्यापेक्षा ढकलली जाते. इंजिन मात्र सारा वेळ धडधडत असते.

इथे थोडे गणित करू. या प्रवासाला मला एकूण अडीच तास लागले, म्हणजे सरासरी ताशी बारा किलोमीटर. या वेगाने दहा हजार किलोमीटर होईपर्यंत इंजिन सुमारे आठशे तेहतीस तास चालेल. हीच गाडी महामार्गावर ताशी साठच्या सरासरीने धावली, तर एकशे सदुसष्ट तासांत तेवढेच अंतर काटेल. मीटरवरचा आकडा एकच, पण उपनगरातल्या इंजिनाची मेहनत पाचपट वेळ चालते! सिग्नलला उभ्या इंजिनावर भार कमी असतो हे खरे. पण समोरून वारा नाही, वर ऊन, खाली धूळ, आणि तेल सतत तापलेले. जवळपास प्रत्येक पुस्तिकेच्या मागल्या पानांत ‘खडतर वापर’ असे एक कलम असते. थांबत-थांबत चालणे, छोट्या खेपा, धूळ, उकाडा, अशी लक्षणे त्यात दिलेली असतात आणि अशा वेळी तेल लवकर बदला असे सांगितलेले असते. ती यादी वाचताना वाटते, कोणी साकीनाक्याला उभा राहून लिहिली असावी.

घाटकोपरला सुट्या भागांच्या एका दुकानात शिरलो. फळीवर तेलाचे डबे दिवाळीतल्या कंदिलांसारखे रंगीबेरंगी मांडलेले. गल्ल्यावरच्या शेठना प्रश्न केला.

“अरे साहेब, मला कशाला विचारता? गाडीची चोपडी काय बोलते ते बघा ने!”

चोपडी हिशेबाची असो की गाडीची, शेठचा तिच्यावर सारखाच विश्वास. त्यांनी डब्यांवरचे आकडे समजावले. ५डब्ल्यू-३०, २०डब्ल्यू-४० यांतले ‘डब्ल्यू’ हिवाळ्याचे. आधीचा आकडा थंड इंजिनात तेल किती सहज वाहील ते सांगतो. तो जितका लहान, तितके तेल पातळ. दुसरा आकडा तापल्यावरच्या दाटपणाचा. मुंबईत हिवाळा कुठे, म्हणून पहिल्या आकड्याकडे दुर्लक्ष करू नये. सकाळी गाडी सुरू होताना तेल वरपर्यंत लवकर पोहोचावे, हे इथेही हवेच असते. ‘जाड तेल म्हणजे भक्कम तेल’ ही समजूत जुन्या, सैल इंजिनांच्या काळातली. आजच्या इंजिनातल्या फटी अगदी बारीक असतात. पुस्तिकेत जो आकडा असेल तोच घालावा.

जाता जाता शेठनी एक कानमंत्र दिला. डब्याचे सील आपल्यासमोर तोडायला लावावे आणि रिकाम्या डब्याला भोक पाडूनच तो टाकावा. नाहीतर त्याच डब्यात भेसळीचे तेल भरून तो पुन्हा कोणाच्या तरी गाडीसाठी फळीवर यायचा.

घाटकोपरपासून ट्रॉम्बे-माहुल काही लांब नाही. तिथे स्टॅनव्हॅकचा तेलशुद्धीकरण कारखाना १९५४ साली सुरू झाला आणि बर्मा शेलचा १९५५ साली. पुढे तिथेच वंगणतेलाचा कारखाना उभा राहिला, आणि १९७४ साली एस्सो व ल्यूब इंडिया यांच्यातून हिंदुस्थान पेट्रोलियम जन्माला आली. तेव्हा वंगण ही उपनगरवाल्यांना परकी वस्तू नव्हे. तिचे माहेर शेजारीच आहे.

घाटकोपरहून अंधेरीकडे वळलो. डोक्यावरून मेट्रो जात होती. ८ जून २०१४ रोजी ती सुरू झाल्यापासून वर्सोवा ते घाटकोपर हे साडेअकरा किलोमीटरांचे अंतर ती वीस-बावीस मिनिटांत तोडते. खाली आम्ही त्याच अंतरासाठी नशिबाला बोल लावीत होतो. साकीनाक्याच्या अलीकडे एका गल्लीतल्या गॅरेजपाशी थांबलो. तिथले मिस्त्री एकेकाळी टॅक्सी चालवायचे. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी. त्या जातीच्या शेवटच्या टॅक्सीची नोंद ताडदेवला २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली, आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरअखेर पद्मिनी रस्त्यावरून गेली.

“साहेब, आमच्या वेळेला तीन हजाराला तेल बदलायचं म्हणजे बदलायचं,” मिस्त्री म्हणाले. “टॅक्सी दोन पाळ्यांत चालायची. तेलाचे पैसे वाचवायला गेलो असतो, तर रिंग-पिस्टन गेले असते. इंजिन बांधायला काढलं की पंधरा दिवस घरात चूल कशी पेटायची?”

आपल्याला तेल म्हणजे खर्चाची एक बाब. त्यांना ते घरच्या चुलीचे तेल होते. आजचे तेल आणि इंजिने दोन्ही सुधारली, म्हणून तीन हजारांचा नियम आता बहुतेक गाड्यांना लागत नाही, हेही त्यांनीच सांगितले. मी डिपस्टिक ओढून काळेभोर तेल दाखवले, तर ते हसले.

“रंगावर जाऊ नका. तेलाचं कामच आहे मळ धरून ठेवायचं. काळं झालं म्हणजे काम करतंय.”

इथे कढईचे शास्त्र उपयोगी पडत नाही. चांगल्या तेलात मळ सुटा ठेवणारी द्रव्ये असतात, म्हणून डिझेल गाडीतले नवे तेलसुद्धा थोड्याच दिवसांत काळे दिसते. उलट सीएनजीवर चालणाऱ्या गाडीचे तेल बरेच दिवस स्वच्छ दिसते आणि आतून मात्र जुने झालेले असते. रंगापेक्षा पातळी महत्त्वाची. सपाट जागी, इंजिन बंद करून थोड्या वेळाने पाहावी. ती दोन खुणांच्या मध्ये असली पाहिजे. खाली गेली तर इंजिन तेल खाते आहे किंवा कुठे गळते आहे. आणि तेल बदलताना फिल्टरही बदलावाच; अंघोळ करून जुनाच सदरा घालण्यात काय हशील?

अंधेरीला एका डॉक्टरबाईंकडे चहा घेतला. त्या स्वतः डिझेल गाडी चालवतात. घर ते दवाखाना, फार तर चार किलोमीटर. “माझ्या गाडीचं तेल कमी होण्याऐवजी वाढतंच!” त्या म्हणाल्या. चमत्कार नव्हे. एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-सहा डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी असते. ती काजळी जाळायला इंजिन जादा डिझेल सोडते. हे काम छोट्या खेपांत अर्धवट राहिले, की ते डिझेल तेलात उतरते. पातळी चढते आणि तेल पातळ होते. अशा गाडीने तेलाची तारीख येण्याची वाट पाहू नये. गॅरेज गाठावे आणि अधूनमधून महामार्गावर एक लांब फेरी मारावी.

अंधेरीचा सबवे पावसाळ्यात तुंबला नाही असे वर्ष विरळा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा तर हजारो गाड्या गळ्यापर्यंत बुडाल्या. अशा गाडीला पाणी ओसरल्यावर किल्ली मारून पाहणे, हाच खरा घात. आत पाणी असेल तर ते दाबले जात नाही; वाकतो तो पिस्टनचा दांडा. डिपस्टिकवर तेल दुधाळ चहासारखे दिसले, तर तिथे किलोमीटरही नाहीत आणि महिनेही नाहीत. गाडी ओढून न्यावी आणि तेल त्याच दिवशी काढावे.

पश्चिम द्रुतगती मार्गाने बोरिवलीला पोहोचलो तोवर माझा ताळा जमला होता. पुस्तिकेत लिहिले ते प्रमाण. गाडी रोज उपनगरातल्या गर्दीत सापडत असेल तर पुस्तिकेतलेच ‘खडतर’ कलम आपले, म्हणजे दहाच्या जागी पाच ते सात हजार. आणि काहीही झाले तरी वर्षातून एकदा. त्याहून लवकर बदलून गाडी अधिक सुखी होते असे नाही. फक्त तेल वाया जाते.

आणि हे काढलेले तेल जाते कुठे? लहान गाडीतून एका वेळी तीनेक लिटर निघते. सेंट्रिंगच्या फळ्यांना ते फासतात, कुठे भट्टीत जाळतात, आणि कुठे सरळ गटारात ओततात. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरांतून दहिसर, पोईसर, ओशिवरा आणि मिठी या चार नद्या निघतात. डोंगरात त्यांचे पाणी निर्मळ असते. वस्तीत उतरल्या, की आपण त्यांना नाला म्हणू लागतो. मिठीच्या काठच्या गॅरेजांचे आणि पिंपे धुणाऱ्यांचे काळे तेल नदीत जात आल्याची तक्रार जुनी आहे. वास्तविक जुने तेल धोकादायक कचऱ्यात मोडते. ते परवानाधारकाकडे गेले तर शुद्ध होऊन पुन्हा वंगण बनते. १ एप्रिल २०२४ पासून तर ते परत गोळा करण्याची जबाबदारी तेल बनवणाऱ्या कंपन्यांवरही आली आहे.

पुढच्या वेळी तेल बदलायला जाल, तेव्हा ‘मिस्त्री, किती झाले?’ या प्रश्नाच्या आधी ‘हे काढलेलं कुठे देता?’ एवढे विचारून पाहा. एकाने विचारले तर मिस्त्री हसतील; दहाजणांनी विचारले, तर कोपऱ्यात एक पिंप ठेवतील.