आडोशाची फळी



घराला दार बसवायचे किंवा गोठ्याला खांब आणायचे म्हटले, की आपल्याकडे चार दिवस चर्चा चालते. पण परसदारच्या न्हाणीला आडोसा कशाचा करावा, हे विचारायला कोणी बसत नाही. जुने लुगडे, गोणपाट, चार तुराट्या लावल्या की भागले, असा समज आहे. खरोखर भागते का, हे पहाटे अंधारात उठून अंघोळ उरकणाऱ्या लेकीसुनांना विचारावे.

आमची न्हाणी पाणंदीला लागून आहे. नात नववीत गेली तशी ती सकाळची अंघोळ टाळू लागली. "आजी, दिवस मावळल्यावर करीन," एवढेच म्हणायची. त्यात काय ते आले. भुईमुगाचे पैसे हाती आले तेव्हा मी घरात सांगितले, की यंदा पहिला खर्च फळ्यांच्या कुंपणाचा. आणि फळ्या निवडायला मी स्वतः वखारीत येणार. माझे माहेर सुताराचे. भाता, रंधा आणि भुसा यांत मी वाढले. तेथे जे शिकले ते तुमच्याही उपयोगी पडेल म्हणून लिहीत आहे.

सर्वांत आधी लाकूड वाळलेले आहे का ते पाहा. आडोशाला ओली फळी फार वाईट. लाकूड वाळताना रुंदीत आटते. सहा इंच रुंदीची ओली फळी सहज पाच-सहा मिलिमीटर आटू शकते. आज चिकटून ठोकलेल्या फळ्यांमध्ये उन्हाळ्यात फटी पडतात, आणि ज्यासाठी एवढा खर्च केला तेच हातचे जाते. एकाच जातीच्या, एकाच मापाच्या दोन फळ्या उचलून बघा. जी जड ती बहुधा ओली. शंका असली तर एक तुकडा मागून घ्या, दुकानच्या काट्यावर तोला, सावलीत ठेवा आणि आठ-आठ दिवसांनी पुन्हा तोला. वजन उतरायचे थांबले म्हणजे लाकूड आपल्या हवेला वाळले.

दुसरे, फळीचे तोंड पाहा. मधला गडद भाग तो गाभा, कडेचा फिकट भाग तो सालीखालचा. वाळवी आणि कीड आधी या फिकट भागाला लागते. साग टिकतो तो गाभ्याचा. सागाच्या पांढऱ्या कडेला तो गुण नाही. दुकानदार नुसते "साग आहे" म्हणाला म्हणून भुलू नका. फळीला रंग किंवा गेरू लावलेला असेल, तर चाकूने थोडे खरवडून आतला रंग पाहा. झाडाचा अगदी मधला बिंदू ज्या फळीत आला आहे ती घेऊ नका, ती हमखास तडकते.

तिसरे, फळी डोळ्यासमोर धरून बंदुकीच्या नेमासारखी कडेने पाहा. बाक किंवा पीळ लगेच दिसतो. थोडा बाक खिळ्याने बसतो, पीळ बसत नाही. कोवळ्या निलगिरीच्या फळ्या स्वस्त मिळतात, पण वाळताना त्या फार चिरतात.

चौथे, गाठी. लाकडाशी एकजीव झालेली गाठ उभ्या फळीत चालते. भोवती काळे कडे असलेली गाठ मेलेली. ती पुढे गळून पडते आणि तेथे भोक राहते. न्हाणीच्या आडोशाला भोक म्हणजे काय, ते सांगायला नको. आडव्या पट्टीला मात्र कोणतीच मोठी गाठ नको, कारण सारा भार तीच पेलते. टाचणीएवढी भोके आणि पिठासारखा भुसा दिसला, तर ती फळी बाजूला ठेवा.

डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेने निरनिराळ्या जातींचे खुंट जमिनीत अर्धे पुरून ते किती टिकतात हे पाहिले आहे. त्यावरून लाकडाचे तीन वर्ग केले जातात: दहा वर्षे व त्याहून अधिक, पाच ते दहा, आणि पाचांहून कमी. सागाचा गाभा पहिल्या वर्गात, आंबा शेवटच्या. म्हणून पैसे थोडे असतील तर चांगले लाकूड खांबांना वापरा, हलके वर फळ्यांना. फळीचे खालचे टोक जमिनीपासून दोन-तीन इंच वर ठेवा आणि तेथे दगडाची ओळ लावा. फळ्या पट्टीच्या दोन्ही बाजूंनी आळीपाळीने, एकमेकींवर इंचभर चढवून ठोका. लाकूड आटले तरी फट दिसत नाही आणि वारा खेळता राहतो.

बांधावरचा साग आपलाच असला, तरी कुऱ्हाड लावण्यापूर्वी वन खात्याच्या कार्यालयात विचारा. १९६४ च्या वृक्षतोडीच्या कायद्यात खासगी जमिनीवरचा सागही येतो.

आणि एक सांगणे. वखारीत जाताना घरातील बाईला सोबत न्या. फट कोठे पडली तर चालणार नाही, हे तिला जेवढे ठाऊक असते तेवढे दुसऱ्या कोणाला नसते. आमची नात आता सकाळी अंघोळ करून, वेणी घालून शाळेला जाते.