तुळसीकट्टे सांधताना

सुरतला भेस्तानमध्ये आमच्या दारापुढे जेमतेम चार फूट अंगण आहे. त्यात खानापूरच्या लाल मातीचं हातभर उंचीचं वृंदावन. सासूबाईंचं माहेर कन्नड, त्या त्याला तुळसीकट्टेच म्हणतात. बेळगावहून येताना त्यांनी ते गाडीत मांडीवर घेऊन आणलं होतं.

आषाढात शेजारच्या मुलाचा चेंडू लागून त्याचा एक कोपरा फुटला, तीन तुकडे झाले. सासूबाई एवढंच म्हणाल्या, “ओडदद्दु ब्याड.” फुटकं नको. भंगलेली मूर्ती आपण विसर्जित करतो हे खरंच. पण वृंदावन हे तर तुळशीचं घर! भिंत पडली म्हणून कुणी घर सोडतं का? आणि इथे सुरतेत खानापूरची माती मिळायची कुठून?

साधा पांढरा गोंद पावसात मऊ पडतो, म्हणून दोन नळ्यांचं अ‍ॅरल्डाइट आणलं. भाजलेली माती पाणी पिऊन बसते, ओल्या कडांना काही चिकटत नाही. तुळस डब्यात हलवली आणि तुकडे दोन दिवस पंख्याखाली वाळवले. कडा ब्रशने झाडल्या. दोन्ही नळ्यांतलं सारखं घेऊन पुठ्ठ्यावर कालवलं, पातळ लावलं, सुतळीने आवळून रात्रभर ठेवलं. बाहेर आलेल्या गोंदावर तो ओला असतानाच लाल कौलाची पूड दाबली, सांधा बराच लपला. तळाचं भोक मात्र मोकळं ठेवलं, नाहीतर मुळं कुजतात.

कार्तिकात लग्न याच वृंदावनात लागणार का, हे सासूबाई अजून बोललेल्या नाहीत. काल मात्र बाजारातून गेरू आणायला सांगितला.