कुऱ्हाड आणि कात्री

माणूस मारणे सोपे, मूल वाढवणे कठीण, अशा अर्थाचे वाक्य ‘किल बोक-सून’ या कोरियन चित्रपटाची नायिका सहज बोलून जाते. ते ऐकून आपण सावरून बसतो. वाटते, आता ती कठीण गोष्ट दिसणार. पण दिग्दर्शक ब्यून सुंग-ह्यून सव्वादोन तास बहुतेक सोपीच गोष्ट दाखवत राहतो.

2023 साली हा चित्रपट नेटफ्लिक्सवर आला. बोक-सून सुपारी घेऊन खून करते, तेही एका रीतसर कंपनीत. तिथे उमेदवार आहेत, दर्जे आहेत, अल्पवयीनाला मारायचे नाही असा नियमही आहे. आरंभीच एका जपानी गुंडाशी तिची झुंज होते. त्याच्या हाती तलवार, हिच्या हाती दुकानातली स्वस्त कुऱ्हाड. शेवटी दुकान बंद व्हायची वेळ झाली म्हणून बाईसाहेब सरळ गोळी झाडून मोकळ्या होतात! इथे मनापासून हसू आले, हे कबूल केले पाहिजे.

घरी मात्र तिची शाळकरी मुलगी आहे, जे-यंग. बाप नाही. या मुलीचे एका मुलीवर प्रेम आहे. वर्गातला एक मुलगा ते उघड करण्याची धमकी देतो आणि ती त्याच्या मानेत कात्री खुपसते. आई कुऱ्हाड लपवते, मुलगी मन लपवते. एका छपराखाली दोघी एकमेकींना परक्या. खरी कथा इथे होती. झुंजीपूर्वी बोक-सून प्रतिस्पर्ध्याचा प्रत्येक डाव मनात खेळून पाहते. अशा बाईला मुलीसमोर एक वाक्य सुचू नये, यात केवढे नाट्य आहे! चित्रपट त्याला ओझरता स्पर्श करतो आणि पुन्हा मारामारीकडे धावतो.

एका राजकारण्याच्या मुलाला मारण्याचे काम तिच्याकडे येते. सुपारी खुद्द बापाचीच. ती त्याला सोडून देते. पोटच्या पोराची सुपारी देणारा बाप आणि त्या पोराला वाचवणारी मारेकरी आई! पण दिग्दर्शकाला हा प्रसंग पुढच्या हाणामारीचे निमित्त म्हणूनच हवा आहे.

वाईट वाटते ते जॉन दो-यॉनसाठी. ‘सीक्रेट सनशाइन’मध्ये मुलगा गमावलेल्या आईची भूमिका करून तिने 2007 साली कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा मान मिळवला. त्यातली आई मुलाच्या खुन्याला क्षमा करायला तुरुंगात जाते. तो शांतपणे सांगतो, देवाने मला आधीच क्षमा केली आहे. तिथे एकही शस्त्र नाही, आणि बघणाऱ्याचा श्वास अडकतो. त्याच अभिनेत्रीला इथे रक्ताच्या चिळकांड्यांत उभे केले आहे. ती तिथेही डौलदार दिसते, हा तिचा गुण.

मुलीला आईचा धंदा कळला असावा, असे अखेरीस सुचवले जाते. कळल्यावर त्या घरात दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी एकमेकींशी काय बोलल्या असतील? मला तेवढेच पाहायचे होते.