डावी खुर्ची

कॉकपिटमधली डावी खुर्ची कॅप्टनची. बारावीला फिजिक्स-मॅथ्स घेतलेल्या माझ्या भाचीला ती हवी आहे. तिच्या हट्टापायी एका हिवाळ्यात भल्या पहाटे आम्ही बारामतीचं फ्लाइंग स्कूल गाठलं. उसाच्या फडांवर धुकं रेंगाळलेलं, आणि धुकं आहे तोवर उड्डाण नाही. पांढऱ्या शर्टातली पोरं चहाचे पेले धरून धावपट्टीकडे बघत बसलेली. या धंद्यात वाट बघणं पहिल्या दिवसापासून शिकवतात बहुतेक.

ऊन आलं, तशी एक मुलगी सेसनाच्या पंखाखाली वाकली. टाकीतलं थोडं इंधन पारदर्शक नळकांड्यात काढून तिनं उजेडात धरलं. निळसर, नितळ. दुधात पाणी आहे का हे आमची आजी ज्या संशयानं बघायची, त्याच संशयानं ती तळाशी पाण्याचा थेंब शोधत होती. मग दुसरा पंख. मग चाकं, शेपटी, इंजिनातलं तेल. चेकलिस्टवर बोट ठेवून एकेक ओळ, सावकाश. आकाश वर मोकळं पडलेलं, आणि ही अजून जमिनीवरच! मला जांभई आली. भाचीला आली नाही, हे मी मनात टिपून ठेवलं.

कारण हिशेब असा आहे. कमर्शियल परवान्याला उड्डाण लागतं फक्त २०० तासांचं. हवामानशास्त्र, नेव्हिगेशन, नियम, तांत्रिक पेपर, रेडिओचा परवाना, हे सगळं टेबलाशी बसून. खर्च पन्नास लाखांच्या घरात. एअरबस किंवा बोईंगचं टाइप रेटिंग, म्हणजे त्या प्रकारचं विमान उडवण्याची पात्रता, बहुतेकदा वरून. एवढं करून नोकरी लागली तर उजवी खुर्ची, को-पायलटची. एअरलाइन कॅप्टनच्या परवान्याला १५०० तास लागतात, आणि ते भरले म्हणजे डावी खुर्ची मिळाली असंही नाही. २०१२ साली किंगफिशर आणि २०१९ साली जेट या विमानकंपन्या बंद पडल्या, तेव्हा केस पिकलेले कॅप्टनसुद्धा नोकरी शोधत होते.

१९८५ साली कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी फोकर विमान कलकत्त्याहून सिलचरला नेलं, तेव्हा विमानातल्या सगळ्या कर्मचारी बायकाच होत्या. त्या उड्डाणाची बातमी झाली. त्याआधी उजव्या खुर्चीत काढलेल्या काळाची बातमी कोण करणार? मला वाटतं, पायलट व्हावं की नाही याचा निकाल तिथंच लागतो. ढगांची हौस सगळ्यांनाच असते. रोज त्याच ओळीवर तेच बोट ठेवायची हौस फार थोड्यांना.

तुमच्या घरात असं कुणी असेल तर अडवू नका. फक्त एक करा. कर्जाचे कागद काढण्याआधी क्लास टू आणि त्यामागोमाग क्लास वन मेडिकल उरकून घ्या. रंग ओळखण्यातला एखादा दोष फी भरल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेला परवडतो.