प्रिय ४,२५,८१७ यांस

प्रिय ४,२५,८१७,

२०११ च्या जनगणनेत तू अकोल्याच्या नावापुढे बसलास आणि तेव्हापासून अमरावतीच्या सोयऱ्यांसमोर आमची मान खाली. त्यांच्याकडे ६,४७,०५७! लग्नाच्या पंगतीत विषय निघाला की ठरलेला टोमणा येतो, "काहून गा, तुमचं अकोलं वाढत नाही का?"

तुझा रागच यायचा. २००१ मध्ये चार लाख आणि दहा वर्षांत भर पंचवीसेक हजारांची! शहर तर डोळ्यांदेखत पसरत होतं. मग माणसं गेली कुठं? मलकापूर, उमरी, खडकी, शिवणीत. नोकरी, दवाखाना, बाजार अकोल्यात. शिरगणती मात्र गावाच्या खात्यात.

कापूस चाळीस क्विंटल झाला म्हटलं, की आपल्याकडे पोरगंही विचारतं, "किती एकरात?" माणसांच्या बाबतीत मात्र हा प्रश्न कोणी विचारत नाही. तू मोजला गेलास तेव्हा अकोल्याची हद्द जेमतेम २८ चौरस किलोमीटर होती. अमरावतीची सुमारे १२१. तिथली महानगरपालिका १९८३ मध्ये जन्मली तीच बडनेऱ्याला कडेवर घेऊन.

हे काही वऱ्हाडातच घडतं असं नाही. त्याच जनगणनेत कोलकाता महापालिकेची लोकसंख्या सुमारे ४५ लाख. भोवतालची शहरं धरून नागरी समूहाची १ कोटी ४१ लाख. दोन्ही आकडे खरे, फक्त कुंपण वेगळं.

२०१६ मध्ये आमचंही कुंपण सरकलं. २४ गावं आत आली, हद्द १२४ चौरस किलोमीटरच्या घरात गेली. तीच २०११ ची मोजणी नव्या हद्दीला लावली, तर बेरीज सव्वापाच लाखांपुढे! एकही पाळणा न हलता लाखभर अकोलेकर वाढले. नगरसेवक ७३ चे ८० झाले. अमरावती तरीही मोठीच, हे मान्य. पण अंतर निम्म्यावर आलं.

आता २०२७ च्या जनगणनेत तुझा वारस येईल. त्याला एवढंच सांग, की एकटा येऊ नको, हद्दीचा नकाशा काखेत घेऊन ये. आणि तोवर पंगतीत कोणी टोमणा मारलाच, तर माझं उत्तर तयार आहे: "किती एकरात?"

तुझा,
तुझ्यात कधीच मोजला न गेलेला,
मलकापूरचा एक अकोलेकर