भिंतीवरचा शिंजीर

भिंतीवर कुणी थुंकू नये म्हणून आपल्याकडे एक रामबाण उपाय आहे: देवांच्या टाइल्स! आमच्या सोसायटीच्या बैठकीत तोच ठराव आला. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवलेला मी उभा राहिलो. म्हटलं, "देवांना पहाऱ्यावर कशाला उभं करता? मी तिथं शिंजीर काढतो."

"शिंजीर म्हणजे काय हो?" अध्यक्षांनी विचारलं. रोज सकाळी त्यांच्याच खिडकीखालच्या जास्वंदीवर मध प्यायला येतो तो!

दुसरा ठराव होता, ती जास्वंद काढून स्कूटरींना जागा करण्याचा.

मी शिडीवर चढलो. जेमतेम दहा सेंटिमीटरचा जीव, वजन दहा ग्रॅमच्या आत. मी चार फुटांचा काढायला घेतला. चोच वाकडी, ती साधली. रंगानं मात्र घाम काढला. या नराचा जांभळा रंग डब्यात मिळत नाही. पिसांच्या सूक्ष्म रचनेवर उजेड खेळतो, तेव्हा तो दिसतो. सावलीत स्वारी काळीकुट्ट. जरा मान वळवली, की निळी, हिरवी, जांभळी झळाळी! मी काळ्यावर पातळ हात देत गेलो. पण भिंत थोडीच मान वळवते?

शिवाय हा थाट विणीपुरताच. हंगाम सरला की नवरदेव शेरवानी उतरवून बायकोसारखे साधे होतात. गळ्यावर तेवढी एक काळी पट्टी उरते.

"आणि बायको कुठाय?" शेजारच्या वहिनींनी खालून विचारलं.

"तिचीच जागा सोडलीय," मी म्हटलं. गवत, सालींचे तुकडे कोळ्याच्या जाळ्यानं बांधून लोंबतं घरटं विणते ती. दारावर छोटीशी पडवीही काढते. अंडी उबवणारीही तीच. पिलांना भरवताना मात्र नवरा मदतीला येतो आणि तेव्हा मधापेक्षा किडे-कोळीच जास्त लागतात. वहिनी हसल्या. म्हणाल्या, "मग तिला जरा मोठी काढा!"

पानाचा तोबरा भरलेले एक गृहस्थ भिंतीपाशी थबकले. खुणेनंच विचारलं, हा कुठला देव? "देव नाही," मी म्हटलं, "याच गल्लीत राहतो." ते मुकाट्यानं गटाराकडे गेले.

खऱ्या शिंजिराला या चित्राचं काडीचं कौतुक नाही. तो भिंतीवरून भुर्रकन जातो आणि जास्वंदीच्या बुडाशी चोच खुपसतो. परवा अध्यक्षच नातवाला खिडकीतून सांगत होते, "तो बघ, शिंजीर!" जास्वंदीचा ठराव रद्द झालेला नाही, पुढच्या बैठकीवर ढकललाय. पण ज्याचं नाव नातवाला शिकवलं, त्याच्या ताटावर कुऱ्हाड घालायला आजोबांचा हात वर होईल, असं मला वाटत नाही.